नऊ हातांचा पठाण

नागावात नारळीपोफळीच्या वाड्या संपून अलिबागची सडक सुरू होते, तिथे धर्माजीचा गाडीकारखाना होता. कारखाना म्हणजे चार खांबांवर झापांचं छप्पर, त्याखाली बाभळीचे ओंडके, आणि चाकांचे आरे तासता तासता पाठीत वाकलेला धर्माजी. समुद्र पाठीमागे चारशे पावलांवर. पण वीस वर्षांत धर्माजी तिकडे एकदाही फिरकला नव्हता. तो मूळचा आतल्या भातशेतीच्या गावचा. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून नागावात येऊन राहिला, आणि येतानाच बायकोला, बायजाला, त्याने सांगून ठेवलं होतं, "मी येतो. पन तेवडा समुद्र तुमचा तुमी बघा." भरतीचं पाणी नुसतं लांबून दिसलं तरी तो पाठ फिरवायचा. म्हणून छपराच्या त्या अंगाला त्याने जमिनीपर्यंत झापं बांधून टाकली होती. वारा यायचा नाही, पण समुद्रही दिसायचा नाही.

हाताला मात्र कसब होतं. त्याची गाडी वाटेने चालली तर करकरत नसे, आणि भरून चालली तरी बैलाच्या मानेला वळ उठत नसे. गुण असे पुष्कळ होते. खोड एकच. अमुक गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. कोणी काही विचारलं की तो कानामागची पेन्सिल काढायचा, तिच्या टोकाकडे दोनदा बघायचा आणि म्हणायचा, "व्हय, व्हय."

मागे एकदा अलिबागच्या एका बंगलेवाल्या साहेबांनी त्याला टीपॉय करायला सांगितला. धर्माजी व्हय म्हणाला आणि आठ दिवसांनी तीन पायांची, अखंड आंब्याच्या लाकडाची, गुरांना पाणी पाजायची डोणी गाडीत घालून पोचती केली. साहेबांनी ती दोन वेळा फिरून बघितली. मग म्हणाले, राहू दे. पुढे त्यांनी तिच्यात कमळं लावली आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवू लागले. असं झाल्यामुळे आपलं काही चुकलं होतं हे धर्माजीला कळायची वेळच आली नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या माघात त्याच्याकडे अंबाजी आला. अंबाजी त्याच्या मूळ गावचा, खैरोलीचा; लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखली होती. पुढे अंबाजी मुंबईला गेला आणि आगबोटीवर खलाशी झाला. तीस वर्षं त्याने जगभरचं पाणी पालथं घातलं आणि आदल्या दिवाळीत कायमचा घरी आला. आला तो आजारीच पडला. आजार असा की त्याला जमीन लागली. घर हलेना, म्हणून त्याला मळमळे. अन्न पोटात ठरेना. खाटेवर पडला की खाट जागची ढळत नाही याच धसक्याने तो दचकून उठे. चालताना पाय फाकवून चाले. बायकोने, काशीने, मांडणीवर भांडी लावली की हा ती सुतळीने बांधून टाकी, गडगडू नयेत म्हणून. वैद्यांनी तीन चूर्णं दिली. त्यांनी काशीच्या घरातल्या उंदरांशिवाय कुणाला गुण आला नाही.

अखेर अंबाजीने आपला उपाय आपणच काढला. थळच्या कान्हा कोळ्याची एक जुनी होडी त्याने घेतली. ती अंगणात आणून ठेवायची आणि तिच्यात राहायचं.

"काशी काय म्हनते?" धर्माजीने विचारलं.

"म्हनते, तुमी होडी अंगनात आना, मी म्हस माजघरात बांधते."

आता थळपासून खैरोली चौदा मैल, सगळी कोरडी वाट. त्यासाठी अंबाजीने मुंबईहून एक लष्करी गाडा पैदा केला होता. लढाई संपल्यावर पलटणींनी टाकून दिलेल्या मालातला. तो मचव्यातून रेवसला उतरला आणि दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून नागावात आला. अंबाजी त्याला ट्रेलर म्हणे. दोन रबरी चाकं, पुढे लांब लोखंडी दांडी, आणि वर दोन सपाट फळ्या, बाकासारख्या.

"याच्यावर सपाट बुडाची लष्करी होडी बसायची," अंबाजी म्हणाला. "आपली होडी तशी न्हाय. तिच्या अंगाबेताचा करून दे. होडीचा गाडा कवा केलायस का?"

धर्माजीने पेन्सिल काढली. "व्हय, व्हय."

"कुटं?"

"मागं."

अंबाजीला तेवढं पुरलं. "होडी अजून पान्यावर हाय. कान्हा बाजाराला येईल तेवा तुला माप सांगंल. मी गावाला जातो, अंगनातला पेंढा हलवायचाय." असं म्हणून तो पाय फाकवत एस्टीकडे गेला.

कान्हा पुढल्या बाजाराच्या दिवशी आला. इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. होडीच्या तळाला, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागल्या टोकापर्यंत, पाठीच्या कण्यासारखा एक लांब वासा असतो. सगळी होडी त्याच्यावर उभी राहते. त्या वाशाला दर्यावरचे लोक पठाण म्हणतात. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. धर्माजीला ठाऊक नव्हतं. त्याने एकच पठाण पाहिला होता. अलिबागला वखारीच्या दारावर पहारा करायचा तो, उंचापुरा, मेंदी लावलेल्या दाढीचा.

"होडी बारा हात हाय," कान्हा म्हणाला. "पन तू होडीचं सोड. तू पठानाचं बघ. सगळा भार पठानावर."

पेन्सिल अर्ध्यात थांबली. "सगळा?"

"सगळा. तो तळाला मधोमध आडवा. त्याला धक्का लागता कामा न्हाय. मार बसला तर होडी गेलीच म्हनून समज."

"जुना हाय?"

"बापाच्या वेळचा. पन अजून ताठ हाय. अखंड हाय. जोड न्हाय त्याला."

धर्माजीला वाईट वाटलं. "आरारा. कदीपासनं?"

"पयल्यापासनं," कान्हा अभिमानाने म्हणाला.

"निगा काय ठेवायची?"

"काय न्हाय. वर्साला शिमग्यात माशाचं तेल पाजतो. जल्मभर पान्यात ऱ्हायलेला तो, पान्यात त्याला कायबी व्हत न्हाय. जमिनीवर मातूर जपायचा. ऊन लागलं की तडकतो."

"आन लांबी?"

"नऊ हात."

धर्माजीने पेन्सिलीच्या टोकाकडे दोनदा बघितलं, मग तिसऱ्यांदा बघितलं. "नऊ?"

"वर चार बोटं आसतील. बारा मानसं लागतात उचलायला, होडी धरून."

"व्हय, व्हय," धर्माजी म्हणाला.

दुपारी बायजा भाकर वाढत होती. दुसरी भाकर पानात पडली तेव्हा धर्माजी म्हणाला, "नऊ हातांचा मानूस आसतो का गं?"

बायजाने सगळी हकीकत ऐकून घेतली. ती बाई व्यवहाराची. "ताडमाड वाढला तरी मानूस साडेतीन हात, लई तर चार. नऊ कसा आसंल? अवो, कान्हाला परत इचारा की."

"मी व्हय म्हनलोय."

बायजाने पिठाचे हात झटकले. "मंग पागोटं सोडून मोजलं आसंल. पागोटं सोडून लांब केलं की भरतात नऊ हात."

हे धर्माजीला पटलं. गिऱ्हाइकाने पागोट्यासकट माप दिलं असेल तर पागोट्याला जागा ठेवणं आलंच.

"आन बिचाऱ्याला जोड न्हाय म्हनं," तो म्हणाला. "जल्मभर पान्यात. माशाचं तेल पितो."

"उन्हात तडकला तर उलट बोलू नका," बायजा म्हणाली आणि ताक वाढायला उठली.

मग धर्माजी कामाला लागला तो महिनाभर त्याच कामात होता. लष्करी फळ्या त्याने उचकटून टाकल्या. त्यांच्या जागी सागाचे दोन लांब वासे बसवले, नाकापासून शेपटापर्यंत, मध्ये सव्वा हाताचं अंतर ठेवून. खांद्याला खांदा लागून माणूस नीट मावेल इतकं. वाशांच्या आतल्या कडा त्याने तिरक्या तासल्या, कुशीवर वळला तर बरगडीला टोचू नये म्हणून. मधल्या खोबणीत नागावच्याच काथ्याची गादी केली, वरून गोणपाट शिवलं. बायजाने दोन दिवस बसून वाशांच्या कडांनाही काथ्या बांधला. म्हणाली, म्हातारा आहे, हात टेकायला मऊ हवं. पुढे, जिथे गाड्याची दांडी सुरू होते, तिथे धर्माजीने एक जाड उभी फळी रोवली आणि तिला उशी लावली. बैलांचं शेण उडालं तर थेट तोंडावर येऊ नये, हा हेतू. मागची बाजू मोकळी ठेवली. तिकडून पाय खाली सोडून उतरायला सोपं.

अशी चीज रस्त्याच्या कडेला तयार होत असताना गाव काय डोळे मिटून जातंय? पहिल्यांदा शिवदास मास्तर थांबले. हे शाळेत चौथीला शिकवायचे; नागावात त्यांच्याइतकं उंच आणि त्यांच्याइतकं चौकस दुसरं कोणी नव्हतं.

"धर्माजी, हे काय?"

"होडीचा गाडा."

"आणि ही गादी?"

"हितं पठान आडवा ऱ्हानार."

"कोण पठाण?"

"थळचा. नऊ हातांचा."

मास्तर शाळेत गेले. संध्याकाळपर्यंत चौथीच्या मुलांनी ही बातमी घरोघर पोचवली. तिसऱ्या दिवशी नागावात दुसरा विषय नव्हता. लोक येऊन गादी दाबून बघत. काहींचं म्हणणं, नऊ हात शक्य नाही. काहींचं म्हणणं, काबूलकडची हवा निराळी, तिथे कलिंगडं बघा केवढी होतात. एका बाईने येऊन धर्माजीला विचारलं की पठाण वाटेत नागावला जेवणार असेल तर त्याला ओला जवळा चालेल का. धर्माजी म्हणाला, "तेल तरी पितो, माशाचं." बाईने हनुवटीवर बोट ठेवलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की माणसं माशाचं तेल पितात, तुम्ही उगाच आमटी खारट झाली म्हणून ओरडता.

गाडा झाला, पण तोल बघायचा राहिला होता. गाडीवाल्याला तोलाचं महत्त्व काय सांगावं! ओझं मागे गेलं तर गाडी उलाळ होते, पुढचं टोक वर उठतं आणि बैलांच्या माना आकाशाला लागतात. पुढे गेलं तर जू बैलांच्या खांद्यात रुततं. होडी तर थळला पाण्यात. मग तोलायचं काय? धर्माजीने कान्हाचं बोलणं आठवलं: बारा माणसं लागतात उचलायला. म्हणजे बारा माणसांइतकी जड.

"असं कसं?" शिवदास मास्तर म्हणाले. "बारा माणसं उचलतात म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला..."

"आपन आपल्यापरीस जास्त उचलतो का?" धर्माजीने विचारलं. मास्तर बोटांवर हिशेब करू लागले.

रविवारी दुपारी बारा गडी जमवले. अकरा जण दोन वाशांवर समोरासमोर बसले, मांडीला मांडी लावून, होडीच्या आकारात: पुढे निमुळते, मध्ये पोटवाले, मागे रुंद. बारावे शिवदास मास्तर. ते उंचीमुळे पठाणाच्या जागी गादीवर आडवे झाले. शेजारच्या बागायतदाराचे बैल दांडीला आडवं जू बांधून जुंपले. गाव दोन्ही अंगांना उभं राहिलं.

"आता कुनी हलायचं न्हाय," धर्माजी म्हणाला. "तुमी होडी हाय."

बैलांनी पाऊल उचललं, आणि मागचे जाड गडी जरा मागे सरले. तेवढ्याने झालं. दांडी वर उठली, तिच्याबरोबर जू उठलं, जुवाबरोबर बैल. डावा बैल नुसता टाचांवर आला. उजवा मात्र पुढचे पाय हवेत सोडून, काही विचारायचं राहिलंय अशा चेहऱ्याने लोंबकळत राहिला. वाशांवरची होडी भाताच्या पोत्यासारखी मागे सांडली. मागची बाजू उतरायला सोपी ठेवलेलीच होती. शिवदास मास्तर गादीसकट, पाय पुढे करून, तिच्यातून अलगद सडकेवर आले.

"पठान पडला!" कुणीतरी ओरडलं.

धर्माजीने घाई केली नाही. चाकांमधला आस ज्या बोल्टांनी आवळला होता ते सैल केले आणि आस वीतभर मागे सरकवला. पुन्हा होडी बसवली. आता दांडी इतकी जड झाली की बैलांनी गुडघे टेकले. मग आस चार बोटं पुढे. गाडा सरळ उभा राहिला. धर्माजीने दांडीचं टोक एका हाताने उचलून बघितलं. जेवढं जड हवं तेवढंच होतं, भरल्या घागरीइतकं. बैल नागावच्या वेशीपर्यंत गेले आणि परत आले. अकरा गडी खाली उतरले. मास्तर उतरेनात. बघितलं तर झोप लागली होती.

चैत्रातल्या पुनवेच्या मोठ्या भरतीला होडी गाड्यावर घ्यायची ठरली. अंबाजी खैरोलीहून परस्पर थळला आला. नागावहून गाडा घेऊन धर्माजी निघाला, आणि पठाणाला बघायला ते बाराच्या बारा गडीही निघाले. शिवदास मास्तरांनी कोट घातला होता. गावातर्फे चार शब्द बोलावे लागतील म्हणून त्यांनी हिंदुस्थानीतली तीन वाक्यं पाठ केली होती.

थळच्या किनाऱ्यावर पोचल्यावर धर्माजीने प्रथमच समुद्राला जवळून तोंड दिलं. त्याने जमिनीकडे बघितलं. कान्हा म्हणाला, "उचलायची कशाला? गाडा मागल्या अंगानं पान्यात लोटा. होडी तरंगत वर येईल. पन पुढं फळीपाशी मानूस पायजे, होडी मधी घ्यायला. ज्यानं गाडा केला त्यानंच."

"मी?" धर्माजी म्हणाला.

"मग कोन?"

अंबाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धर्माजीचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला होता. पण महिनाभर तो त्या पठाणाचाच विचार करत होता. बापाच्या वेळचा म्हातारा, एकटा, जोड नाही, जन्मभर पाण्यात. त्याच्यासाठी आपण जागा केली आणि तो येईल तेव्हा आपण वाळूत उभे? हे काही बरं दिसत नाही. धर्माजीने धोतर खोचलं, डोळे मिटले आणि उभ्या फळीला मिठी मारली. बारा गड्यांनी गाडा पाण्यात लोटला, फळीला चिकटलेल्या धर्माजीसकट. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, छातीला लागलं. तो पावसात भिजणाऱ्या म्हशीसारखा श्वास सोडत होता.

"आली! आली!" कान्हा होडीच्या अंगाला लोंबकळत ओरडला. "पठान बघा! पठान मधी घ्या रे! पठान सांभाळा!"

बारा गड्यांनी मान वर केली. कुणी क्षितिजाकडे बघितलं, कुणी कोळ्यांच्या झोपड्यांकडे, कुणी होडीत. शिवदास मास्तरांना किनाऱ्यावर जाळं विणत बसलेला एक दाढीवाला धिप्पाड कोळी दिसला. बसलेला असल्यामुळे लांबीचा अंदाज येत नव्हता. मास्तर गुडघाभर पाण्यात वळले, हात जोडले आणि म्हणाले, "आइए खानसाहेब! आपका बिछाना तयार है!"

"कोन खानसाब?" तो कोळी म्हणाला.

"मास्तर, तिकडं काय बघता?" कान्हाने होडीच्या खाली हात घालून थापटी मारली. "हा पठान! हा!"

धर्माजीने डोळे उघडले. स्वच्छ पाण्यात त्याला दिसलं: नऊ हात लांबीचा, काळाभोर, तेल पिऊन तुकतुकीत झालेला सागाचा वासा होडीच्या तळाखालून सरकत येत होता. तो सव्वा हाताच्या खोबणीत शिरला, काथ्याच्या गादीवर टेकला आणि टेकल्यावर हललाच नाही. होडीची नाळ उशीला येऊन थांबली. दोन्ही अंगांचं निमुळतं बूड बायजाने मऊ केलेल्या तिरक्या वाशांवर असं चपखल बसलं की मध्ये माडाचा हीर घालायला जागा उरली नाही.

सगळ्यांनी धर्माजीकडे बघितलं. त्याच्या मिशीतून पाणी गळत होतं. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते त्याने पुढे फक्त बायजाला सांगितलं: गाडा बसला याचा आनंद झाला, पण एक जवळचं माणूस गेल्यासारखंही वाटलं. लोकांना तो एवढंच म्हणाला, "तर काय. मी काय सांगत व्हतो?"

"तू माणूस म्हणाला होतास!" मास्तर म्हणाले.

"मी पठान म्हनलो. मानूस तुमी म्हनलात."

मास्तरांनी महिनाभरातलं सगळं बोलणं आठवून बघितलं. ते खरं होतं.

कान्हा मात्र होडीभोवती फिरून फिरून हात लावून बघत होता. "मिस्तरी," तो म्हणाला, "दोन पिढ्या होड्या बघतोय. पठानाला गादी घालनारा तू पयला."

"धक्का लागता कामा न्हाय म्हनलास ना."

होडी दोरांनी आवळली आणि बैल जुंपले. मागे थोडी जड वाटली म्हणून पुढल्या अंगाला कान्हाने आपल्या घरचा पाटा ठेवला. अलिबागच्या नाक्यावर एका पोलिसाने त्यांना थांबवलं. होडी कुठे चालली? अंबाजी म्हणाला, खैरोलीला. पोलीस त्या बाजूचाच होता. "खैरोलीला पाणी कुठाय?" "न्हाय," अंबाजी म्हणाला, "म्हनूनच वरनं न्यायला लागते." पोलिसाने हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. चौदा मैलांना दोन दिवस लागले. प्रत्येक गावात लोक शेताच्या बांधावर येऊन बघत राहिले. अंबाजी होडीत बसला होता. पहिल्या मैलात त्याने डोळे मिटले, तिसऱ्या मैलात गुणगुणायला लागला आणि पोयनाडला पोचल्यावर त्याने दोन भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण खाल्लं. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याचं अन्न पोटात राहिलं.

खैरोलीत काशी अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. अंबाजीने होडीसाठी चार ठोकळे मांडून ठेवले होते. गाड्यावरून काढून त्यांच्यावर बसवायची असा बेत. गडी दोर सोडायला पुढे झाले. तेवढ्यात अंबाजी होडीत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळला. रबरी चाकांत हवा होती. होडी किंचित डोलली, थांबली, परत डोलली.

"थांबा!" तो म्हणाला. "उतरवू नका."

"गाड्यावरच ठेवनार?" धर्माजीने विचारलं.

"ठोकळ्यावर ती घरच व्हईल. मंग उपेग काय?"

काशी पुढे आली. ती भांडायला आली होती हे सगळ्यांना दिसत होतं. पण तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पाच महिन्यांत तिथे पहिल्यांदा रंग आला होता. तिने विचारलं, "जेवलात?"

"पोयनाडला. दोन भाकऱ्या."

ती आत गेली, आणि होडीला टेकवायला शिडी घेऊन आली. म्हैस गोठ्यातच राहिली.

तेव्हापासून अंबाजी होडीत राहायचा. खाली उतरायचा तो शेतावर जायला आणि आंघोळीला. काशी कडधान्य निवडायला वर चढू लागली. म्हणे तिथे कोंबड्या येत नाहीत. धर्माजीचं नाव मात्र पसरलं. कशात काही बसत नसलं की लोक त्याला बोलावू लागले. पोयनाडच्या एकाने चक्की न्यायला, अलिबागच्या एका वकिलांनी पियानो न्यायला. पियानो म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही.

त्याच श्रावणात खैरोलीहून निरोप आला, लगोलग ये. धर्माजी गेला तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि अंबाजी होडीत पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा राहून डब्याने पाणी उपसत होता. चेहरा प्रसन्न. काशी खाली इरलं घेऊन उभी होती.

"दिवसातनं चार वेळा उपसतात," ती म्हणाली. "भाताची लावनी ऱ्हायली बाजूला. धर्माजीभावजी, बुडाला एक भोक पाडा."

"होडीला भोक?" अंबाजी वरून ओरडला. "तीस वर्सांत आसं कुनी बोललं न्हाय! धर्माजी, पाडलंस तर बघ!"

"पाडा भावजी."

"पाडू नको!"

धर्माजी भिजत उभा राहिला. मग त्याने गिरमीट काढलं, होडीखाली शिरला आणि पठाणाच्या शेजारी, त्याला जराही न दुखवता, अंगठ्याएवढं भोक पाडलं. पाणी धो धो करत अंगणात आलं. अंबाजी वर हाका मारत होता. धर्माजीने फणसाच्या लाकडाचं एक बूच तासलं, भोकात ठोकून बघितलं. पाणी थांबलं. बूच काढलं. पाणी आलं. मग त्याने अगदी तसंच दुसरं बूच तासलं. एक अंबाजीच्या हातात दिलं, एक काशीच्या.

दुपारी अंबाजी झोपला की काशी खालून त्याचं बूच काढून घ्यायची आणि आपल्याकडचं शिडीवर ठेवून द्यायची. जाग आली की अंबाजी वरून ते ठोकायचा आणि उरलेलं पाणी उपसायचा. त्या साली खैरोलीत भात चांगलं आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काशीने धर्माजीकडे पायलीभर नवे पोहे पाठवले, आणि आणणाऱ्याबरोबर निरोप दिला की डाव्या चाकाला हवा थोडी कमी आहे, सवड झाली की येऊन जा.